पंचवीस हजारांची वेस

नसीम आपाच्या खिडकीवरून पगाराची पावती घेणं म्हणजे तोंडी परीक्षा असायची. पैसे आधीच बँकेत जमा झालेले असायचे, मोबाइलवर तसा निरोपही आलेला असायचा, पण आपा पावती मोबाइलवर पाठवायची नाही म्हणजे नाही. ज्याचा पगार त्यानं खिडकीपाशी यायचं, कागद हातात घ्यायचा आणि मोठ्यानं वाचायचा. मूळ पगार किती, भत्ता किती, कटलं किती, आणि कापलं कुणी. शेवटच्या प्रश्नाला निम्मी माणसं गार व्हायची. "सरकारनं कापलं," असं कुणी म्हटलं की आपा चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, "कोणतं सरकार? तीन हायत."

आमचा दवाखाना लातूरचा, खासगी, गंजगोलाईच्या बाजारापासून ऑटोनं थोड्या अंतरावर. मी त्याच्या मेडिकलमध्ये औषधं देतो. माझी काच आणि आपाची खिडकी समोरासमोर, मधे फक्त पेशंटांच्या नातेवाइकांचा बाक. त्यामुळं आपाचा दरबार मी फुकटात बघितला, आणि तोही वर्षानुवर्षं. पगाराचं सगळं काम ती एकटी करायची. कॉम्प्युटर होता, पण त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीखाली ती लाकडी फुटपट्टी धरायची, शाळेत मास्तर धरतात तशी, आणि मगच बटण दाबायची. त्या फुटपट्टीनं पडद्यावर ओरखडे पडले होते. कॉम्प्युटरवाल्यानं एकदा तक्रार केली, तर त्यालाच फुटपट्टी दाखवून तिनं बाहेर काढलं.

ती मूळची नांदेडची. आजोबा तिथल्या इतवारा मोहल्ल्यात शेरवान्या शिवायचे, वडलांनी तेच केलं, आणि ही पोरगी कॉमर्स शिकून लातूरला नोकरीला आली ती इथलीच झाली. इथलीच झाली असं आम्ही म्हणायचो, ती नाही. दर शनिवारी दुपारी ती एसटीनं नांदेडला थोरल्या बहिणीकडं जायची आणि सोमवारी सकाळी गोदावरीचं कौतुक घेऊन परत यायची. "तुमच्या लातूरला पाणी न्हाई, म्हणून माणसं बी कोरडी," हे मला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. मी म्हणायचो, आपा, पाणी तिथलं पिता आणि पगार इथला खाता. त्यावर ती मला 'मेडिकलवाले' म्हणायची आणि खिडकी लावून घ्यायची. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

तीन सरकारं समजावून सांगायची तिची पद्धत मात्र मी कुणा प्राध्यापकाकडंही ऐकली नाही. "दिल्लीचं सरकार म्हणजे थोरला दीर," ती म्हणायची. "तुमची कमाई लहान असली तर तुमच्याकडं बघत बी न्हाई. मोठी झाली की पाट मांडून बसतो. मुंबईचं सरकार म्हणजे नणंद. दर महिन्याला येती, थोडंच घेती, पण येती. आणि आपली महानगरपालिका म्हणजे शेजारीण. तिला तुमच्या पगाराशी काय करायचं न्हाई, तिचा डोळा तुमच्या घरावर." थोरला दीर म्हणजे इन्कम टॅक्स, नणंद म्हणजे व्यवसाय कर, आणि शेजारणीचा डोळा म्हणजे घरपट्टी, हे नव्या माणसाला पहिल्याच पगाराला पाठ व्हायचं. नणंद महिन्याला दोनशे न्यायची, फेब्रुवारीत तेवढे तीनशे, म्हणजे वर्षाचे अडीच हजार पुरे. त्याच्यावर एक रुपया मागायची तिला परवानगी नाही, हे सांगताना आपाचा चेहरा असा व्हायचा की कायदा तिनंच लिहिला असावा.

आणि एक गोष्ट. दोनशेची ही कपात पुरुषांना दहा हजारांच्या वर पगार गेला की लागते, बायकांना मात्र पंचवीस हजारांपर्यंत काहीच लागत नाही. पुढचं सगळं रामायण या पंचवीस हजारांवरून झालं.

आमचे स्ट्रेचर ओढणारे किशन मामा एकदा रांगेत भडकले. बायांना माफी आणि आम्हाला का कापता, आम्ही काय पाप केलं, असं सुरू झालं. आपानं शांतपणे विचारलं, त्यांना सोडलं म्हणून तुमचे दोनशेचे तीनशे झाले का. मामा म्हणाले, न्हाई. मग तुमचं पोट कामून दुखून राहिलं, आपा म्हणाली. रांग हसली. मामा चिडून पुटपुटले की आमच्या घरात आमचा बाळू हाय, पंचवीस वर्षांचं पोरगं, त्याला अजून हातानं भरवावं लागतं, आमचं पोट आम्हाला माहीत. आपाचं हसू तिथंच थांबलं. तिनं रांग तशीच सोडली, मामांना आत बोलावलं आणि दार लावलं.

मग कळलं की ज्यांचं मूल मतिमंद आहे अशा आईबापांना व्यवसाय कर माफ आहे. मामा कित्येक वर्षं तो भरत होते. आपानं सांगितलं तरी मामा तयार होईनात. दोनशे रुपयांसाठी पोराचं नाव वेड्यात लावलं असं भावकी म्हणेल, ही त्यांना धास्ती. आपानं वाद घातला नाही. एका सुट्टीच्या दिवशी नांदेडला न जाता ती रेणापूरला मामांच्या घरी गेली, दिवसभर बाळूबरोबर बसली, त्याला स्वतः जेवू घातलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या दोघांना घेऊन दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात उभी राहिली. पुढं एका पगाराला मामांनी रांगेत पावती वाचली. "व्यवसाय कर, शून्य. आमच्या बाळूमुळं." पोरामुळं खर्च झाला म्हणणारे बाप मी रोज बघतो. पोरामुळं मान मिळाल्यासारखं बोलणारा बाप त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

असं असलं तरी आपा काही देवमाणूस नव्हती. तोंड फाटकं. सकाळी चहाच्या आधी तिच्याशी बोलायला मोठे डॉक्टरसुद्धा कचरायचे, म्हणजे दवाखान्याचे मालक. आणि ती चुकायचीही. एकदाच चुकली, पण ती चूक साऱ्या नर्सांच्या मानगुटीवर बसली.

झालं असं की मोठ्या डॉक्टरांनी महागाई म्हणून सगळ्यांना सरसकट एकशे वीस रुपये वाढ दिली. आपाला त्या दिवशी नांदेडची गाडी गाठायची होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. घाईघाईत तिनं एकच बटण दाबलं, फुटपट्टी न धरता. आता आमच्या शैला सिस्टरचा पगार होता चोवीस हजार नऊशे वीस. एकशे वीस वाढले आणि ती गेली पंचवीस हजारांच्या चाळीस रुपये वर. वर गेली म्हणून दोनशे कटले. बाईनं घरी वाढ झाल्याची जिलेबी वाटली होती, आणि हातात पडले आधीपेक्षा ऐंशी रुपये कमी.

शैला रडत खिडकीवर आली आणि म्हणाली, माझी वाढ परत घ्या. आपा डॉक्टरांकडं भांडायला गेली की हिला आणखी थोडं वाढवा. डॉक्टर म्हणाले, बाई स्वतःच नको म्हणतात, तर आपण कशाला जबरदस्ती करायची? आणि वाढ परत घेतली. मालक लोकांचं बरं असतं.

तिथून नर्सांमध्ये एक नेमच पडला. वाढीची वेळ आली की एकेक जण येऊन सांगायची, मला पंचवीसच्या आतच बसवा. शैलाचे ऐंशी रुपये तोंडातोंडी फुगत गेले. एकदा मुंबईला नाव गेलं की दिल्लीला कळतं. दिल्लीला कळलं की इन्कम टॅक्सवाले येतात. ते येऊन गेले की महानगरपालिका घरपट्टी वाढवते. म्हणजे दीर, नणंद आणि शेजारीण तिघं मिळून घरात घुसणार. आपानंच शिकवलेली नाती आपावरच उलटली होती. तिनं कितीदा समजावलं, पण पंचवीस हजार ही त्यांच्यासाठी गावाची वेस झाली होती. पलीकडं भुतं राहतात म्हटल्यावर कोण जाऊन बघणार? दोन वर्षं एकाही नर्सचा पगार नव्यानं वेशीपलीकडं गेला नाही, आणि डॉक्टर दर वेळी मान हलवून म्हणायचे, बायकांचीच इच्छा.

मग सुनीताचं प्रकरण आलं.

सुनीता मुरुडची. बाळंतपणाचा सगळा विभाग तिच्या जिवावर चालायचा. कुठली बाई कधी अडणार, कुठल्या डॉक्टरला कधी उठवायचं, रडणाऱ्या सासूला बाहेर कसं बसवायचं, सगळं तिला. विभागाच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर सोडून गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सुनीताला बोलावून सांगितलं की आता इन्चार्ज तू, पगार एकोणतीस हजार. तिला तेव्हा चोवीस हजार सहाशे मिळायचे. ती म्हणाली, नको साहेब, मी पंचवीसच्या आतच बरी हाय.

डॉक्टर या वेळी मात्र खूश झाले नाहीत. त्यांना विभाग चालवणारी बाई पाहिजे होती. त्यांनी सोमवारपर्यंत वेळ दिली. नाहीतर सोलापूरहून एक बाई यायला तयारच होत्या. म्हणजे त्या बाईंना विभाग सुनीतानंच शिकवायचा आणि जन्मभर त्यांच्याच हाताखाली राहायचं. सुनीताला हे कळत नव्हतं असं नाही. मला औषधाची चिठ्ठी देताना तिचे डोळे सुजलेले दिसले. मी म्हटलं, घेऊन टाक की. ती म्हणाली, "दादा, वाटतं लई. पण भीती वाटती. आमच्या घरात टॅक्स भरलेलं माणूसच न्हाई कुणी. काय मागं लागलं तर कुणाला विचारू?"

आपा तिच्याकडं विभागात गेली, कागद पेन घेऊन. एकोणतीसमधून दोनशे गेले, राहिले अठ्ठावीस हजार आठशे. आत्तापेक्षा चार हजार दोनशे जास्त. सुनीतानं सगळं ऐकून घेतलं आणि खाली मान घालून विचारलं, "आपा, शैलाताईचा हिशेब बी तुम्हीच केला होता ना?"

आपा परत आली ती थेट खुर्चीत बसली. त्या दिवशी तिचा चहा तसाच गार झाला. मी चेष्टा करायला गेलो होतो, तोंड बघून माघारी आलो.

सोमवारच्या आधी शनिवार होता आणि तोच पगाराचा दिवस. आपा त्या शनिवारी नांदेडला गेली नाही. सकाळी रांग लागली. नर्सा पुढं, आया मागं, त्यांच्या मागं किशन मामा आणि वॉर्डबॉय. सुनीताचा नंबर आला. आपानं तिच्या हातात कागद दिला. सुनीता वाचायला लागली आणि थांबली.

"आपा, ही माझी न्हाई. ही तुमची हाय."

"हौ. आज तीच वाच. शैलाला ऐकू गेलं पाहिजे."

आमच्याकडं माणूस आपला आजार चारचौघात सांगेल, पोरीचं मोडलेलं लग्न सांगेल, पगार सांगणार नाही. आपाचा पगार किती यावर दवाखान्यात पैजा लागायच्या. त्यामुळं सगळी रांग खिडकीकडं सरकली. मीही एका गिऱ्हाइकाच्या हातात गोळ्यांऐवजी कापूस दिला.

सुनीतानं वाचलं. एकूण पगार, एक्केचाळीस हजार. मागून कुणीतरी अगं माय म्हणालं. फंडाचे पैसे कटले होते, ते आपलेच आपल्याला परत मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपानं विचारलं, इन्कम टॅक्स किती. सुनीतानं दोनदा बघितलं आणि म्हणाली, शून्य.

"एक्केचाळीस हजाराला थोरला दीर माझ्याकडं बघत न्हाई, तर तुझ्या एकोणतीसला कशाला बघंल? आता घरपट्टी कुठं हाय ते शोध."

सुनीता शोधत राहिली. वरून खाली, खालून वर. शेवटी म्हणाली, "न्हाईच की."

"न्हाईच. घरपट्टी भिंतीला लागती, पगाराला न्हाई. मग माझ्या मागं कोण लागलंय, ते सांग."

"दोनशे रुपये. व्यवसाय कर."

"तेवढाच. आणि तो मी रुबाबात देते. रस्त्यात खड्डा दिसला की म्हणते, ह्याच्यात माझे दोनशे हायत, आन भांडते."

हसू फुटलं, पण आपा हसली नाही. ती उठून उभी राहिली. खिडकीतून बोलायची ती बाई दार उघडून बाहेर रांगेत आली आणि शैला सिस्टरसमोर थांबली. "शैला, त्या वेळेस चूक माझी होती," ती म्हणाली. "कराची न्हाई, माझी. नाल्यावरनं उडी मारायची तर पार पलीकडं पडायला पाहिजे. मी न बघता बटण दाबलं आणि तुझा पाय मधेच नाल्यात घातला. पण मी चुकले म्हणून तुम्ही सगळ्या दोन वर्षं अलीकडंच बसून राहिला. दर पगाराला मला त्याची लाज वाटती. हिला तर डॉक्टर पार पलीकडं नेऊन सोडून राहिले. हिला जाऊ द्या."

शैला सिस्टर त्या प्रकारापासून आपाशी कामापुरतंच बोलायची. पावती वाचायची आणि निघायची. ती सुनीताकडं वळून म्हणाली, "घेती का तू? का मी जाऊन सांगू डॉक्टरला, मला करा इन्चार्ज म्हणून?"

सुनीता पळालीच. जिना चढून सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये. आपा खालून ओरडत होती, "अगं, माझी पावती तरी दे," आणि सगळी रांग हसून हसून भिंतीला टेकली होती. ती पावती पुढं दिवसभर या हातातून त्या हातात फिरली. संध्याकाळपर्यंत आयांनासुद्धा आपाचा भत्ता पाठ झाला होता. आपा म्हणाली, वाचा, चांगलं वाचा, कुणाला शंका नको.

पुढच्या पगाराला सुनीता इन्चार्जच्या साडीत खाली आली. आपानं पावती दिली. बाळंतपणाच्या खोलीतून बाहेर येऊन नातेवाइकांना 'मुलगी झाली हो' सांगतात ना, अगदी त्या सुरात सुनीतानं वाचलं, "व्यवसाय कर, दोनशे." बाकावर बसलेल्या पेशंटांच्या माणसांनाही काहीतरी चांगलं झालंय एवढं कळलं आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. माणसाला टॅक्स लागला म्हणून टाळ्या वाजताना मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघेन असं वाटत नाही. त्या आठवड्यात शैलाही खिडकीशी आली. म्हणाली, माझी ती एकशे वीसची वाढ परत नको, आता मोठीच द्यायला सांगा.

आपाचं वय होत आलंच होतं. बहिणीचा दुसरा गुडघाही गेला होता. तिनं नोकरी सोडायची ठरवली. निरोप-समारंभ नको म्हणाली. हार घातला तर गळ्यातून काढून तुमच्याच गळ्यात घालीन, असा दमही दिला. शेवटच्या दिवशी तिनं टेबल आवरलं, बॅग भरली आणि मोठ्या डॉक्टरांना सांगायला वर निघाली. मी बॅग घ्यायला म्हणून मागं गेलो.

केबिनचं दार अर्धवट उघडं होतं. आत वर्षाच्या वाढीचं बोलणं चाललं होतं. डॉक्टर म्हणत होते, या वेळी सगळ्या नर्सांना सरसकट दीडशे देऊ. आणि समोर सगळ्यांच्या वतीनं सुनीता उभी होती.

"दीडशे नको साहेब," तिचा आवाज बाहेर स्पष्ट येत होता. "चोवीस नऊशेवाल्या पोरी हायत चार. त्यांना दीडशे दिले तर दोनशे कटतात, हातात आधीपेक्षा कमी येतात. द्यायचं तर हजार द्या."

डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही बायकाच तर वाढ नको म्हणायच्या."

"त्या वेळेस म्हणायच्या. आता मी सांगून राहिले."

मी हळूच म्हटलं, आपा, चला आत, तुम्हाला बघून डॉक्टर लगेच हो म्हणतील. आपानं माझा दंड धरून मला मागं ओढलं. "नक्को. तिला बोलू द्या. माझं काय काम हाय तिथं?"

आम्ही दोघं चोरासारखे दाराशी उभे. डॉक्टरांनी महागाईचं गाऱ्हाणं गायलं, मशिनच्या हप्त्याचं गायलं. त्यांचं संपल्यावर सुनीतानं एवढंच विचारलं, मग हजार लिहू ना साहेब? आणि डॉक्टर म्हणाले, "लिहा."

आपा आत गेलीच नाही. मला बॅगेला हात लावू न देता ती जिना उतरली, बाकापाशी थांबली नाही, खिडकीकडं बघितलं नाही. रस्त्यावर ऑटो उभा होता. स्टँडचे किती घेणार म्हटल्यावर त्यानं सांगितला तो भाव ऐकून एरवी आपानं त्याचा बाप काढला असता. त्या दिवशी काही न बोलता बसली. ऑटो वळेपर्यंत मी बघत होतो. आपा मागं एकटीच बसून हसत होती, तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं, आणि ऑटोवाला पुढचा रस्ता सोडून आरशात तिच्याकडंच बघत होता.